सात माळांचं पाणी

अक्का, काल तुझा तेरावा झाला. माणसं इतकी आली की पंगत ओसरीवरून अंगणात आणि अंगणातून पेरूच्या बागेत सरकली. आज घर रिकामं आहे. राधा आत निजली आहे. दोन आठवड्यांत तिला आज पहिल्यांदा धड झोप लागली आहे. कमळ विहिरीवर कळशा घासते आहे. मी ओसरीवर तुझ्या खांबाला टेकून बसलो आहे आणि तू असतीस तर म्हणाली असतीस की खांबाला टेकू नकोस, पाठीला पोक येतं.

तुझं चरित्र मी लिहिणार नाही. कुठल्या गावी जन्मलीस, कुठल्या घरी पडलीस, एकोणिसाव्या वर्षी विधवेचं आलवण नेसून माहेरी परत कशी आलीस आणि आई गेल्यावर पाच वर्षांच्या धाकट्या भावाला, मला, कसं वाढवलंस, हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना ते सांगून उपयोग नाही, कारण ते ऐकून लोक ‘अरेरे’ म्हणतात, आणि तुझ्याबद्दल कुणी ‘अरेरे’ म्हटलेलं मला खपत नाही. मला एकच गोष्ट लिहायची आहे. आपली बदली झाली तेव्हा नाशकात राहायची जागा तू कशी निवडलीस, ती. इतकी वर्षं मी कचेरीत आणि वाचनालयात छाती काढून सांगत आलो की आम्ही मुद्दाम गावाबाहेर, मोकळ्या हवेत जागा घेतली. आम्ही कसले? जागा तू घेतलीस, आणि मी तुला जमेल तेवढा आडवा आलो. आता ऐकायला तू नाहीस, तेव्हा कबूल करायला हरकत नाही. माझा स्वभाव तुला माहीतच आहे.

खानदेशातल्या त्या तालुक्याच्या गावी आपण चार वर्षं काढली. तिथलं पाणी आपल्या घराला मानवलं नाही. डाळ तासन्‌तास चुलीवर ठेवली तरी दाताखाली टणटणीत लागायची. माझा बाळू तिथंच गेला, तीन वर्षांचा होऊन. त्याच्यामागून कमळनं अंथरूण धरलं. सहा वर्षांची पोर, पण कडेवर घेतली तर वजन लागत नसे. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, आणि पुढंपुढं तर ती खायलाच नाही म्हणू लागली. डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, दोन बाटल्या औषध दिलं आणि जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं की औषधानं काही व्हायचं नाही, पाणी बदला. बदलीसाठी मी अर्जांवर अर्ज केले. नाशिकचा हुकूम आला तेव्हा राधा रडली, मी साखर वाटली आणि तू म्हणालीस, “गाव बदललं. पाणी बदललं की नाही ते अजून बघायचंय.”

फाल्गुनाचे दिवस होते. पंचवटीत आपल्या घराण्याच्या क्षेत्रोपाध्यांकडे, गुरुजींकडे, आपण उतरलो. जागा मिळेपर्यंत त्यांनी दोन खोल्या आणि एक चूल दिली. कमळ त्यांच्या ओसरीवर गोधडीत पडून असायची. पंचवटीत तेव्हा वातावरण तापलं होतं. अस्पृश्य मंडळी रामाच्या देवळात प्रवेश मागत सत्याग्रहाला बसली होती, देवळाचे दरवाजे बंद होते, आणि गुरुजींच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी सुधारक. गुरुजींच्या समोर गप्प बसायचो आणि संध्याकाळी वाचनालयात जाऊन मंदिरप्रवेशाच्या बाजूनं तावातावानं बोलायचो.

जागेचा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला होता. आमच्या हेडक्लार्कसाहेबांच्या गल्लीत माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. कचेरी पाच मिनिटांवर, बाजार दाराशी, शेजार सगळा आपल्यातला. साहेबांनी आपण होऊन शब्द टाकला होता आणि मी घरात कुणाला न विचारता हो म्हणून मोकळा झालो होतो. राधालाही ती जागा पसंत होती. खानदेशात बोलायला बाई मिळाली नाही म्हणून ती माणसांना भुकेली होती. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, “तिथल्या आडाचं पाणी कसं आहे?” मी म्हटलं, पाण्यासारखं आहे. तू हसली नाहीस.

दुसऱ्या दिवसापासून तुझी मोहीम सुरू झाली. सकाळी स्नान करून, कमरेला तुरीच्या डाळीची पुरचुंडी खोचून आणि हातात तांब्याची कळशी घेऊन तू निघायचीस. एकेक पेठ, एकेक आळी. जिथं जागा रिकामी आहे असं कळेल तिथं जायचं, जागेकडे ढुंकून बघायचं नाही, सरळ आड कुठं ते विचारायचं, कळशीभर पाणी घ्यायचं आणि परत यायचं. मग तेच पितळेचं पातेलं, तीच मूठभर डाळ, त्याच चुलीवर. पातेल्याला आधण आलं की तू माळ हातात घ्यायचीस. अकरा माळा जप होईपर्यंत डाळ मऊ झाली तर पाणी हलकं. नाही झाली तर ती जागा बाद. राजवाडा असला तरी बाद.

गुरुजींच्या घरातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांनी तुझं नाव ‘डाळवाल्या बाई’ ठेवलं होतं. मलाही लाज वाटायची. कचेरीत एकानं विचारलं की तुमच्या भगिनी घरोघर पाणी मागत फिरतात ते कुठलं व्रत आहे का, तर मी हो म्हणून सांगितलं. पेठेतल्या तीन आडांची डाळ बाराव्या माळेलाही सुटी सुटी राहिली. पंचवटीतली एक जरा बरी, पण आतून कच्ची. स्टेशनाकडची जवळजवळ शिजली, पण तिथून कचेरी सहा मैल. माझ्या पायांचा विचार करून ती तू सोडलीस, आणि ते मला ऐकवलंसही. दहा दिवस झाले. कमळ रोज उतरत चालली होती. तुझा जीव टांगणीला लागला होता हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त हेडक्लार्कसाहेब विचारत होते तेवढंच कळत होतं: काय, केव्हा येताय राहायला?

आणि मग साहेबांच्या आडाची पाळी आली.

अक्का, पापडखार मी घातला होता. चौथी माळ चालू असताना गुरुजींच्या कुटुंबानं तुला हाक मारली, तू उठून गेलीस, आणि मी फडताळातल्या डब्यातून चिमूट काढली. चिमूट कसली, चांगल्या दोन. ओवळ्यानं तुझ्या सोवळ्याच्या चुलीजवळ गेलो, झाकण उचललं आणि टाकला. पातेलं भसकन फसफसलं, उतू गेलं, निम्मा विस्तव विझला. तू आलीस तेव्हा मी दारात वर्तमानपत्र वाचत उभा होतो. पाचव्या माळेला डाळीचा लगदा झाला होता.

तू झाकण उचललंस. वास घेतलास. डाळीचा पालटलेला रंग पाहिलास, चुलीतली राख पाहिलीस, मग माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता वीज कोसळणार. तू म्हणालीस, “सदू, साहेबांच्या आडाचं पाणी फारच गुणी दिसतंय. पानावर बस.” आणि ती सगळी डाळ तू मला वाढलीस. मीठ नाही, फोडणी नाही, बरोबर भात नाही. समोर बसून राहिलीस. मी निम्म्यावर थांबलो तर शांतपणे म्हणालीस की अन्न टाकू नये. पापडखाराची ती बुळबुळीत, साबणासारखी चव मी अजून विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच आडाचं पाणी तू पुन्हा आणलंस, पातेलं चढवलंस, माझ्या हातात माळ दिलीस आणि सांगितलंस, आज जप तू कर. मी केला. अकरा माळा केल्या. झाकण तू मला उचलायला लावलंस. डाळ दाण्यादाण्यानं खळखळत होती.

“काय झालं?” तू विचारलंस.

“नाही शिजली,” मी म्हणालो.

एवढंच. त्यानंतर आठ वर्षांत त्या गोष्टीचा तू एका शब्दानं उच्चार केला नाहीस, राधालाही सांगितलं नाहीस. आपल्यात एरवी कशावरूनही कडाक्याची भांडणं व्हायची, पण माझ्यावर हुकमी चालेल असं हे हत्यार तू कधी बाहेर काढलं नाहीस. मी वाट बघायचो. कधीतरी भांडणाच्या भरात काढशील, मग मी माफी मागीन आणि मोकळा होईन. तू मला मोकळं केलं नाहीस, अक्का. ते मला आज करून घ्यावं लागतंय.

गंगापूर रस्त्याची जागा तुला पेरूनं दाखवली. भाजीबाजारात एका बागवानाकडून तू कमळसाठी पेरू घेतलेस. तिनं एक आख्खा खाल्ला आणि पोटात राहिला. तू तशीच परत बाजारात गेलीस आणि त्याला विचारलंस की बागेला पाणी कुठल्या विहिरीचं. त्यानं सांगितलं, माझ्याच. गावापासून दोन मैल, गंगापूरच्या रस्त्याला. तू चालत गेलीस आणि चालत आलीस, कळशी डोक्यावर घेऊन. त्या दिवशी डाळ सातव्या माळेला शिजली. मी दोन हात लांब उभा राहून पाहत होतो, हात मागे बांधून, म्हणजे संशयाला जागा नको. तू डाळ बोटांनी चुरडलीस. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. धूर झाला म्हणालीस.

त्या बागेला लागून एक कौलारू घर होतं. कुणा पेन्शनर ओव्हरसियरनं बांधलेलं, आणि बांधून झाल्यावर त्यानं तिथं राहायला नकार दिलेला, कारण आवारात विहीर खोदायला घेतली तर खाली कातळ लागला. आजूबाजूला वस्ती म्हणावी अशी नाही. शेतं, बाग, बाभळी, आणि संध्याकाळी कोल्हे. पाणी एकच, शेजारच्या विहिरीचं. आणि विहीर हुसेनभाई बागवानाची.

आता ह्या सुधारकाची काय दशा झाली ते लिहितो. मंदिराची दारं सगळ्यांना उघडा म्हणून वाचनालयात टेबलावर मुठी आपटणारा मी, मुसलमानाच्या विहिरीचं पाणी प्यायचं म्हटल्यावर ततपप करायला लागलो. साहेब काय म्हणतील, गुरुजी काय म्हणतील, उद्या कमळच्या लग्नाला कोण उभं राहील. कोल्हे आहेत, साप असतील, चोर येतील, दूध कुठून आणायचं. सगळं बोलून झालं आणि मग मी तुझंच सोवळं तुझ्यावर फेकलं. म्हटलं, “अक्का, ओवळ्या धोतराचा काठ लागला तर तू पुन्हा आंघोळ करतेस. तुझ्या सोवळ्याचं काय?”

तू कमळचे पाय चेपत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “सदू, बाळू गेला तेव्हा आपण अगदी कडक सोवळ्यात होतो.”

राधा उठून आत गेली आणि बोचकी बांधायला लागली. माणसांना भुकेलेली ती माझी बायको, कोल्ह्यांत राहायला तुझ्याआधी तयार झाली. मग मी साहेबांना नाही म्हणून सांगून आलो. ते काही बोलले नाहीत, पण पुढं दोन वर्षं माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांचा ढीग बोलत राहिला.

हुसेनभाईंशी बोलायला तू मला बरोबर घेऊन गेलीस, कारण बाईमाणसानं एकटीनं व्यवहार बोलू नये असा तुझा दंडक. बोललीस मात्र सगळं तूच. हुसेनभाई काळजीत पडले होते. त्यांचं म्हणणं रास्त होतं. “बाई, पानी काय, जमिनीतलं हाय, कितीबी न्या,” ते म्हणाले. “पर उद्या तुमचेच लोक येतील आन्‌ मला बोलतील, की बामनाच्या घराला बाटवलं. मी मुलाबाळांचा मानूस.”

“ते आधी माझ्या दारावरून जातील,” तू म्हणालीस. “मी त्यांना जेवायला बसवीन.”

हुसेनभाई हसले आणि विहिरीचा एक कोपरा आपल्याला तोडून दिला. तुझ्या अटी होत्याच. मोट चामड्याची म्हणून मोटेचं पाणी नको. आपला दोर, आपला पोहरा, आणि बैल जुंपायच्या आधी तू भरून घेणार. त्यांनी तुझ्यासाठी कोपऱ्यावर लाकडी रहाट बसवून दिला. तुझं सोवळं असं होतं: नियम सगळे शाबूत, आणि पाणी मात्र जिथं चांगलं तिथलं.

पहिला महिना मी विसरू शकत नाही. गुरुजींनी निरोप पाठवला की श्राद्धपक्षाला आम्हाला बोलावू नका. हळदीकुंकवाला राधानं वीस घरी आमंत्रणं केली, आल्या तीन बायका, आणि त्यांनी पन्ह्याला हात लावला नाही. दूधवाला चार दिवस येऊन बंद झाला. आणि कमळ होती तशीच. चैत्र संपत आला तरी तशीच. एक दिवस कचेरीतून दोन मैल उन्हात चालत आलो, ती अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडलेली पाहिली, आणि नको ते तुला बोललो. म्हणालो की पोर तर वाचत नाहीच, वर तू आम्हाला वाळीत टाकलंस. तू माझ्यापुढं ताट ठेवलंस आणि पाणी भरायला गेलीस. त्या वेळी विहिरीवर तू किती वेळ उभी होतीस ते मला हुसेनभाईंच्या बायकोनं, अमीनाबीनं, काल सांगितलं. तिनं तुला रडताना पाहिलं होतं. मी पाहिलं नव्हतं. मला वाटत होतं तू रडतच नाहीस.

आणि मग वैशाखातली ती सकाळ. राधा अंगणात सडा घालत होती, मी पागोटं बांधत होतो. कमळ उठून, भिंत धरत धरत स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि म्हणाली, “आत्या, मला भूक लागली.” दोन वर्षांत हे शब्द ह्या घरात कुणी ऐकले नव्हते. माझ्या हातातलं पागोटं सुटलं. राधानं बादली तशीच टाकली. आम्ही दोघं धावत दारात आलो तर तू तिच्यापुढं अर्धी भाकरी आणि वाटीभर वरण ठेवून मोठ्या कडकपणे सांगत होतीस की अर्धीच, उरलेली अर्धी दुपारी. ती रडायला लागली, अजून हवी म्हणून. अक्का, आपली पोर जेवायला मागून रडत होती! तुला सांगतो, कचेरीत मला पुढं बढती मिळाली, पण असा आनंद मला परत झाला नाही. त्या दिवशी मी पागोटं न बांधताच कचेरीत गेलो.

पुढं सगळं तुझ्याच बाजूनं झालं. श्रावणापर्यंत कमळच्या गालांवर मांस आलं. दिवाळीला ती पेरूच्या झाडावर चढली आणि तू खाली उभी राहून तिला ओरडत होतीस, पण उतर असं काही म्हणत नव्हतीस. दोन वर्षांनी गावात पटकीची साथ आली तेव्हा आमच्या कचेरीतल्या दोघांनी बिऱ्हाडं आपल्या शेजारी आणली. मग एकेक येत गेलं. आता इथं अकरा घरं आहेत. टांगेवाल्याला गंगापूर रस्ता म्हटलं तर तो विचारतो, किती पुढं? डाळवाल्या अक्कांकडे म्हटलं की काही विचारत नाही. बदलीवर नाशकात आलेली माणसं बिऱ्हाड उतरवायच्या आधी कळशी घेऊन तुझ्याकडे यायची. एकदा एक मामलेदार आले होते, पट्टेवाल्याच्या डोक्यावर कळशी देऊन. तू त्यांनाही बसवून ठेवलंस, अकरा माळा. त्यांच्या आडाची डाळ शिजली नाही आणि तू ते तोंडावर सांगितलंस. मी मागे खुणा करत होतो की जरा बेतानं. त्यांनी जागा बदलली. तुला नावं ठेवणाऱ्या गुरुजींच्या सुनेनं सुद्धा, तिच्या माहेरचे लोक नाशकात राहायला आले तेव्हा, त्यांना तुझ्याकडेच पाठवलं.

आपला एक वाद मात्र अर्धा राहिला. अमीनाबी रोज यायची, तू तिला ओट्यावर बसवायचीस, तिच्या पोरांना लाडू द्यायचीस, तिच्या बाळंतपणात तू दोनदा मेथ्या पाठवल्यास. पण ओट्याच्या आत तिला घेतलं नाहीस. मी तुला छेडायचो. तिच्या विहिरीचं पाणी आत येतं, ती का येत नाही? तू चिडायचीस. मग एकदा चिडली नाहीस. मागच्या वर्षी, दसऱ्याच्या सुमारास. विचार करून म्हणालीस, “माझ्याच्यानं एवढंच झालं, सदू. पुढचं तू कर.” मी ते हसण्यावारी नेलं. तू हसण्यावारी बोलली नव्हतीस, हे मला तुझ्या तापाच्या तिसऱ्या दिवशी कळलं, पण तेव्हा तू बोलण्यापलीकडे गेली होतीस.

काल अमीनाबी आली. तेराव्याच्या गर्दीत नेहमीसारखी ओट्याच्या कडेला पदर आवरून बसली. मी मनाशी ठरवलं की आज हिला आत बोलवायचंच. कसं बोलवावं, काय शब्द वापरावेत, कोण कोण बघतंय, असा विचार करत मी खांबाशी उभा राहिलो, आणि तेवढ्यात राधा आतून आली, तिनं तिचा हात धरला आणि तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. चुलीपाशी बसवलं. माझं भाषण तसंच राहिलं. ह्या घरात जे करायचं ते बायका आधी करतात आणि मी मागून वाचनालयात सांगतो.

हुसेनभाई तुझ्या शेवटच्या दिवशी गोदाकाठी, गंगेपर्यंत चालत आले होते. लांब, पलीकडच्या पायऱ्यांवर उभे राहिले. अग्नी देऊन मी वळलो तेव्हा त्यांनी हात वर केला. परत येताना आम्ही दोघं बरोबर चाललो, दोन मैल. घराजवळ आल्यावर ते एवढंच म्हणाले की उद्या सकाळी बैल उशिरा जुंपतो. अक्का, ते गेले तेरा दिवस रोज बैल उशिरा जुंपतायत.

काल जेवायला गुरुजीही आले. आठ वर्षांनी. थकलेत, काठी टेकत टांग्यातून उतरले. पानावर बसायच्या आधी त्यांनी पाणी मागितलं. कुठल्या विहिरीचं ते त्यांना माहीत होतं आणि मलाही, पण त्यांनी विचारलं नाही. कमळनं तांब्या भरून दिला. त्यांनी तो एका दमात संपवला आणि पुन्हा मागितला. सकाळपासून पंगतीचं सगळं पाणी ती एकटीच शेंदत होती. पदर खोचलेला, डोक्यावर घागर, कमरेवर कळशी, आणि तशीच पायऱ्या चढून येत होती. गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, “ही दांडगी पोर कुणाची? भाची का?”

“ही कमळ,” मी म्हणालो.

ते मग माझ्याकडे झुकून, अवघडत म्हणाले, “सदाशिवराव, राग मानू नका. आमच्या ओसरीवर निजून असायची, ती? तुम्ही गेलात त्या दिवशी मी घरात सांगितलं होतं की ह्यांना लौकरच परत यावं लागणार, तिचे दिवस करायला. पुढं तुम्ही कुणी आलात नाही. मला वाटलं, लाजेनं दुसरीकडे केले असतील. आठ वर्षं मी तिला गेलेलीच समजतोय.”

आणि अक्का, मी हसलो. तुझ्या तेराव्याला, भरल्या पंगतीसमोर, मोठमोठ्यानं हसलो. माझं हसणं थांबेना. वाढपी जागच्या जागी उभे राहिले, साहेबांनी हातातला घास खाली ठेवला, लोकांना वाटलं दुःखानं माझं डोकं फिरलं. कमळ धावत आली, बाबा काय झालं म्हणून. मी गुरुजींकडे बोट दाखवून कसंबसं सांगितलं, अगं, ह्यांना वाटलं तू मेलीस. तिनं गुरुजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, घागर खाली ठेवली, आणि कमरेवर हात ठेवून माझ्याहून मोठ्यानं हसायला लागली.